जन्मगाव चुकलं, कागद गहाळ झाले आणि गळ्याला फास लागला: कॅप्टन किडची खरी गोष्ट

२३ मे १७०१. लंडनमधल्या वॅपिंग भागात थेम्स नदीच्या काठावर बघ्यांची तुफान गर्दी झाली होती. एका माणसाला फाशी देणार होते. गळ्यात दोर अडकवला, पायाखालचा आधार काढला आणि दोरच तुटला. माणूस चिखलात पडला, पण जिवंत राहिला. त्याला उचलून पुन्हा वर चढवलं, नवा दोर बांधला. या वेळी मात्र दोर तुटला नाही.

त्याचं नाव विल्यम किड. जग त्याला कॅप्टन किड म्हणून ओळखतं. पुरलेला खजिना, बेटांचे नकाशे, चाचे असा विषय निघाला की त्याचं नाव येतंच.

गंमत म्हणजे एवढ्या प्रसिद्ध माणसाचा जन्म कुठे झाला आणि त्याचे आईवडील कोण, हे शेकडो वर्षं चुकीचं सांगितलं जात होतं. त्याच्या नावावर खपलेल्या एका लोकप्रिय गाण्यात तर, अमेरिकेत पोचेपर्यंत, विल्यमचा रॉबर्ट झाला होता. खरं उत्तर स्कॉटलंडच्या जुन्या वह्यांमध्ये आणि लंडनच्या एका कोर्टाच्या दप्तरात पडून होतं.

किडचं सगळं आयुष्यच असं कागदांवर तोललेलं आहे. एका कागदाने त्याला कॅप्टन केलं, एका कागदाने चाचा ठरवलं, आणि जे दोन कागद त्याला कोर्टात हवे होते ते ऐन वेळी सापडलेच नाहीत. म्हणून ही गोष्ट कागदांपासूनच सुरू करायला हवी.

पाद्र्याचा मुलगा की खलाशाचा?

कितीतरी वर्षं पुस्तकांमध्ये एकच माहिती छापली जायची. किडचा जन्म साधारण १६४५ चा, गाव स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरचं ग्रीनॉक, आणि वडील चर्च ऑफ स्कॉटलंडमध्ये पाद्री.

ही गोष्ट लोकांना आवडण्यासारखीच होती. देवाधर्माच्या घरात वाढलेला मुलगा समुद्रावर जाऊन बिघडला आणि फासावर गेला, असा तयार धडा त्यातून मिळत होता. कुणी तपासून बघायच्या भानगडीत पडलं नाही. एका पुस्तकातून दुसऱ्या पुस्तकात ती उतरत राहिली.

आता स्कॉटलंडमध्ये जुना माणूस शोधायचा म्हणजे काय करायचं, ते बघू.

तिथे जन्म-मृत्यूची सरकारी नोंदणी सुरू झाली १ जानेवारी १८५५ ला. त्याआधीचा सगळा भरवसा चर्चच्या वह्यांवर. प्रत्येक पॅरिशचं, म्हणजे चर्चच्या हद्दीतल्या गावाचं किंवा वस्तीचं, स्वतःचं रजिस्टर असायचं. त्यात बाप्तिस्मा, लग्न आणि काही ठिकाणी दफनाची नोंद व्हायची. यातली सगळ्यात जुनी वही १५५३ ची आहे. सुमारे ९०० पॅरिशमधल्या साधारण ३,५०० वह्या आज एडिंबरामधल्या सरकारी अभिलेखागाराच्या ताब्यात आहेत.

ऐकायला सोपं वाटतं, पण यात अडचणी भरपूर.

पहिली अडचण म्हणजे वहीत जन्माची नाही, तर बाप्तिस्म्याची तारीख असते. दुसरी, वही कशी लिहायची याचा एकच एक नियम नव्हता. कुठे आईवडील, साक्षीदार सगळं लिहिलेलं, तर कुठे फक्त बापाचं नाव. तिसरी, काही वह्यांची पानंच्या पानं गायब. आणि चौथी, नावाचं स्पेलिंग. लिहिणाऱ्याच्या कानाला जसं ऐकू येईल तसं तो लिहायचा. किड हे आडनाव तीन-चार तऱ्हांनी लिहिलेलं सापडतं.

एक गोष्ट मात्र शोधणाऱ्याच्या फायद्याची. स्कॉटलंडच्या कागदपत्रांत बाईचं माहेरचं आडनाव लग्नानंतरही बऱ्याचदा तसंच लिहिलं जायचं. त्यामुळे एकाच नावाची दोन कुटुंबं असली, तरी आईच्या आडनावावरून ती वेगळी काढता येतात.

उत्तर सापडलं लंडनच्या कोर्टात

किडच्या बाबतीत आधी पाद्र्याची गोष्ट तपासली गेली. चर्च ऑफ स्कॉटलंडचे पाद्री कोण, कुठे, कधी होते, याच्या सविस्तर याद्या उपलब्ध आहेत. त्यात किडच्या या पाद्री वडिलांचा पत्ताच नाही. ग्रीनॉकच्या नोंदींतही विल्यमचा माग लागत नाही.

खरा धागा मिळाला तो लंडनमधल्या हाय कोर्ट ऑफ ॲडमिरल्टीच्या दप्तरात. हे कोर्ट समुद्रावरच्या भानगडींचे खटले चालवायचं. ऑक्टोबर १६९५ मध्ये किडने तिथे एका प्रकरणात साक्ष दिली होती. तेव्हा तो आरोपी नव्हता, साधा साक्षीदार होता. साक्ष लिहून घेताना आधी माणसाचं नाव, राहण्याचं ठिकाण, वय आणि जन्मगाव लिहायची पद्धत होती.

तिथे किडने स्वतः सांगितलेलं जन्मगाव होतं डंडी, आणि वय ४१.

डंडी हे स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावरचं बंदर. ग्रीनॉकच्या बरोबर विरुद्ध बाजूला. वयाचा हिशेब केला तर जन्मसाल १६५४ च्या आसपास येतं. म्हणजे पुस्तकांमध्ये गाव तर चुकलं होतंच, वयही जवळपास दहा वर्षांनी वाढलं होतं.

हा धागा धरून स्कॉटिश वंशावळींचे संशोधक डेव्हिड डॉबसन डंडीच्या जुन्या नोंदींकडे वळले. किड हे आडनाव मुळात याच भागात जास्त आढळतं. तिथे चित्र स्पष्ट झालं. वडील पाद्री नव्हते, दर्यावर्दी होते. ते वारल्यावर घर उघड्यावर पडलं आणि गावातल्या एका संस्थेने कुटुंबाला पैशांची मदत केली.

विचार करा, मदत कुणाला दिली याच्या हिशेबातून एका माणसाचं बालपण कळतं. श्रीमंतांच्या नावावर जमिनीची कागदपत्रं असतात, मृत्युपत्रं असतात. गरिबाचं नाव बऱ्याचदा अशा मदतीच्या यादीतच सापडतं.

त्या काळातलं डंडीही समजून घ्यायला हवं. १६५१ मध्ये इंग्लंडचा सेनापती जनरल मंक याने हे शहर जिंकलं आणि त्याच्या सैन्याने ते लुटलं. शेकडो माणसं मारली गेली. किड जन्मला तो या लुटीनंतर दोन-तीन वर्षांनी, त्याच शहरात. डोक्यावर बाप नाही, गाव पिचलेलं आणि समोर समुद्र. खलाशाच्या मुलाने समुद्र निवडला, यात नवल काहीच नाही.

कॅरिबियनमधून थेट न्यूयॉर्कच्या श्रीमंत वस्तीत

यानंतरची बरीच वर्षं किड कागदांवर दिसत नाही. तो ठळकपणे दिसतो १६८९ मध्ये, कॅरिबियन समुद्रात. फ्रेंच आणि इंग्रज खलाशी एकत्र असलेल्या एका जहाजावर तो होता. दोन्ही देशांत युद्ध पेटल्यावर इंग्रजांनी जहाज ताब्यात घेतलं, नेव्हिस बेटावर नेलं आणि किड त्याचा कप्तान झाला. इंग्लंडचा राजा तिसरा विल्यम याच्या नावावरून जहाजाचं नाव ठेवलं ब्लेस्ड विल्यम.

तिथे तो फ्रेंचांविरुद्ध लढला. पण त्याच्याच माणसांना लढाईपेक्षा लुटीत रस होता. १६९० मध्ये किड जमिनीवर असताना ते जहाज घेऊन पळाले. त्यांच्यात रॉबर्ट कलिफर्ड नावाचा एक जण होता. हे नाव लक्षात ठेवा, तो पुन्हा भेटणार आहे.

किड न्यूयॉर्कला आला. १६९१ मध्ये त्याने सारा नावाच्या श्रीमंत विधवेशी लग्न केलं. तिचा आधीचा नवरा वारून काही दिवसच झाले होते. मोक्याच्या जागी घर, दोन मुली, शहरातल्या बड्या लोकांत उठबस. ट्रिनिटी चर्चचं बांधकाम सुरू झालं, तेव्हा वजन उचलायचं सामान किडने दिलं. एकेकाळी मदतीवर जगलेल्या घरातला मुलगा आता दुसऱ्याला देण्याइतका मोठा झाला होता.

इथे थांबला असता तर आज त्याचं नाव कुणालाही माहीत नसतं.

राजाचा शिक्का आणि बड्यांची भागीदारी

१६९५ मध्ये किड लंडनला गेला. त्याला शाही नौदलात कप्तान व्हायचं होतं. ते जमलं नाही, पण वेगळीच ऑफर आली. हिंदी महासागरात चाच्यांचा सुळसुळाट झाला होता. त्यांना पकडायचं, त्यांचा माल जप्त करायचा आणि नफा वाटून घ्यायचा, अशी योजना होती.

पैसे लावणाऱ्यांत लॉर्ड बेलोमाँट होता, जो पुढे न्यूयॉर्क आणि मॅसॅच्युसेट्सचा गव्हर्नर झाला. त्याच्यामागे इंग्लंडमधल्या व्हिग पक्षाचे चार बडे नेते होते. त्यांची नावं कागदावर येणार नाहीत, याची काळजी घेतली गेली. राजाचाही नफ्यात वाटा ठरला.

किडला दोन परवाने मिळाले. एक फ्रेंच जहाजं पकडण्याचा, दुसरा चाच्यांना पकडण्याचा. चाच्यांच्या परवान्यात काही नावं होती. त्यातला थॉमस ट्यू तर परवाना निघाला तेव्हा मेलेला होता, पण लंडनला तेवढी खबर पोचली नव्हती.

जहाज होतं ॲडव्हेंचर गॅली. ३४ तोफा आणि वारा पडला तर वल्हवायची सोय. खलाशांना पगार नव्हता. लूट मिळाली तर वाटा, नाहीतर काहीच नाही. पुढच्या सगळ्या संकटाचं बी या अटीत होतं.

एप्रिल १६९६ मध्ये निघतानाच शाही नौदलाने त्याची चांगली माणसं काढून घेतली. मग न्यूयॉर्कला जाऊन किडने मिळतील ती माणसं भरली. सप्टेंबर १६९६ मध्ये तो हिंदी महासागराकडे निघाला.

इकडे औरंगजेब भडकलेला

किड लंडनमध्ये करार करत होता, त्याच सुमारास भारताच्या पश्चिम किनाऱ्याजवळ एक मोठं कांड झालं होतं. सप्टेंबर १६९५ मध्ये हेन्री एव्हरी या इंग्रज चाच्याने औरंगजेबाचं गंज-ए-सवाई हे जहाज लुटलं. मक्केहून यात्रेकरू घेऊन ते सुरतेला परतत होतं. प्रवाशांचा छळ झाला, बायकांवर अत्याचार झाले.

औरंगजेब तेव्हा मराठ्यांशी लढत दख्खनमध्येच तळ ठोकून होता. बातमी कळताच तो भडकला. सुरतेतले ईस्ट इंडिया कंपनीचे इंग्रज कैदेत गेले. मुंबईवर हल्ला होतो की काय, अशी वेळ आली. मुघलांचं म्हणणं सरळ होतं. चाचे इंग्रज आहेत, कंपनी इंग्रज आहे, मग नुकसान कंपनीने भरून द्यावं.

म्हणजे किड पोचला तेव्हा हा समुद्र आधीच पेटलेला होता. कुठलंही संशयास्पद इंग्रज जहाज दिसलं की कंपनीच्या माणसांना धडकी भरायची.

कारवार, गोवा आणि लक्षद्वीप

किडचं नशीब सुरुवातीपासून फिरलं. रोगाने बरेच खलाशी मेले. जहाज गळायला लागलं. एकही चाचा हाती लागला नाही. ऑगस्ट १६९७ मध्ये तो तांबड्या समुद्राच्या तोंडाशी मुघल यात्रेकरूंच्या ताफ्यावर चालून गेला. ताफ्यासोबत असलेल्या कंपनीच्या सेप्टर या जहाजाने त्याला पळवून लावलं. चाच्यांना पकडायला आलेला माणूस आता चाच्यासारखा वागत होता.

मग तो भारताच्या किनाऱ्यावर आला. एक छोटं जहाज अडवून त्याचा इंग्रज कप्तान पार्कर याला त्याने वाट दाखवायला सोबत घेतलं. पुढे कारवार. तिथे कंपनीची वखार होती. कंपनीची माणसं पार्करबद्दल विचारायला आली, तेव्हा किडने कानावर हात ठेवले. पार्कर त्याच जहाजाच्या तळात कोंडलेला होता. किडचे काही खलाशी इथेच पळाले आणि त्यांनी सगळं कंपनीला सांगितलं.

गोव्याहून पोर्तुगीजांची दोन लढाऊ जहाजं त्याच्या मागावर आली. त्यांच्याशी चकमक झाली. नंतर किडचं जहाज लक्षद्वीपला थांबलं, तिथे त्याच्या माणसांनी बेटावरच्या लोकांवर, बायकांवर अत्याचार केले. बेटकऱ्यांनी एका खलाशाला मारलं, तर किडने त्याचा क्रूर बदला घेतला. त्याला निर्दोष ठरवू पाहणाऱ्यांनी ही पानं वगळून चालणार नाही.

जहाजावरचं वातावरणही तापलं होतं. लूट नाही म्हणजे पैसा नाही. ३० ऑक्टोबर १६९७ रोजी विल्यम मूर या तोफचीशी किडचं भांडण झालं. रागाच्या भरात किडने लोखंडी पट्ट्यांची बादली त्याच्या डोक्यात घातली. दुसऱ्या दिवशी मूर मेला.

दोन जहाजं, दोन फ्रेंच पास

या किनाऱ्यावर तेव्हा पासशिवाय जहाज सुरक्षित नसायचं. पोर्तुगीज पास द्यायचे, त्याला कार्ताझ म्हणत. मराठ्यांचं आरमारही दस्तक द्यायचं. हुशार व्यापारी दोन-तीन सत्तांचे पास जवळ ठेवायचे आणि समोर जो झेंडा दिसेल त्याप्रमाणे कागद काढायचे.

किडने याचाच फायदा घेतला. तो फ्रेंच झेंडा लावायचा. समोरचा भोळेपणाने फ्रेंच पास दाखवायचा. मग किड इंग्लंडचा झेंडा चढवून जहाज जप्त करायचा, कारण फ्रेंच जहाजं पकडण्याचा परवाना त्याच्याकडे होता. नोव्हेंबर १६९७ मध्ये एक जहाज असं मिळालं.

मोठा मासा गळाला लागला ३० जानेवारी १६९८ ला, कोचीनजवळ. जहाजाचं नाव क्वेडा मर्चंट. बंगालहून सुरतेला चाललेलं. आत मलमल, रेशीम, साखर, अफू, लोखंड असा माल. आर्मेनियन व्यापाऱ्यांनी ते भाड्याने घेतलं होतं. कप्तान इंग्रज होता, पण पास फ्रेंच.

किडच्या हिशेबाने ही कायदेशीर जप्ती होती. मुघलांच्या हिशेबाने हा दरोडा होता. मालात मुघल दरबारातल्या वजनदार माणसाचाही वाटा होता. सुरतेत पुन्हा गदारोळ उठला आणि कंपनीने लंडनला कळवलं की किड चाचा झाला आहे.

किडने ते दोन फ्रेंच पास जपून ठेवले. पुढे आपला जीव यांच्यावर अवलंबून राहणार, हे त्याला कळत होतं.

परतीचा प्रवास आणि अटक

मादागास्करजवळच्या सेंट मेरी बेटावर त्याला कोण भेटलं असेल? तोच रॉबर्ट कलिफर्ड. आता तो पक्का चाचा होता. किडचे बहुतेक खलाशी कलिफर्डकडे गेले. ॲडव्हेंचर गॅली सडली होती. किड उरलेल्या मोजक्या माणसांसह क्वेडा मर्चंट घेऊन निघाला.

एप्रिल १६९९ मध्ये कॅरिबियनला पोचल्यावर त्याला कळलं की आपण सरकारदरबारी चाचे म्हणून जाहीर झालो आहोत. राजाने चाच्यांना माफी दिली होती, पण त्यातून दोन नावं खास वगळली होती. एक एव्हरी, दुसरं किड.

त्याने मोठं जहाज तिथेच सोडलं आणि छोट्या जहाजाने उत्तरेकडे निघाला. वाटेत न्यूयॉर्कजवळच्या गार्डिनर्स बेटावर काही माल पुरला. हाच तो प्रसिद्ध खजिना. तो अधिकाऱ्यांनी लगेच उकरून काढला. तरी पुढची कित्येक वर्षं लोक अमेरिकेचे किनारे खणत राहिले. एडगर ॲलन पो याने १८४३ मध्ये त्यावर 'द गोल्ड-बग' ही कथाही लिहिली.

किडला वाटत होतं, भागीदार बेलोमाँट आपल्याला वाचवेल. दोन्ही पास त्याने विश्वासाने बेलोमाँटच्या हवाली केले. जुलै १६९९ मध्ये बेलोमाँटनेच त्याला बोस्टनमध्ये अटक करवली. पास लंडनला पाठवले गेले.

खटला आणि हरवलेले कागद

लंडनमध्ये आता हे राजकारणाचं प्रकरण झालं होतं. टोरी पक्षाला किडच्या तोंडून व्हिग नेत्यांची नावं वदवून घ्यायची होती. मार्च १७०१ मध्ये त्याला संसदेसमोर उभं केलं. आपले बडे भागीदार आपल्याला सोडवतील या आशेवर त्याने त्यांना अडचणीत आणणारं काही सांगितलं नाही. त्यामुळे तो टोरींच्या कामाचा उरला नाही आणि व्हिगांना तर तो नकोच होता. बेलोमाँट त्याच महिन्यात न्यूयॉर्कमध्ये वारला.

मे १७०१ मध्ये ओल्ड बेली कोर्टात खटला उभा राहिला. मूरचा खून आणि चाचेगिरीचे आरोप. त्याच्याच जहाजावरचा डॉक्टर आणि आणखी एक खलाशी माफीचे साक्षीदार झाले. किड एकच मागणी करत होता, माझे फ्रेंच पास आणा. संसदेसमोर आलेले ते पास कोर्टात मात्र मिळाले नाहीत. दोन दिवसांत सगळे खटले आटोपले. सगळ्या आरोपांत दोषी. शिक्षा फाशी.

फाशीनंतर त्याचा मृतदेह थेम्सच्या काठी लोखंडी पिंजऱ्यात टांगून ठेवला. येणाऱ्याजाणाऱ्या खलाशांनी बघावं आणि घाबरावं म्हणून.

दोनशे वर्षांनी दप्तर उघडलं

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकन लेखक राल्फ पेन लंडनच्या सरकारी अभिलेखागारात कागद चाळत होता. तिथे इतर सरकारी कागदांत ते दोन फ्रेंच पास सापडले. किड खोटं बोलत नव्हता. पास खरंच होते आणि सरकारच्याच ताब्यात होते.

पास मिळाले असते तर तो वाचला असता का? चाचेगिरीचे दोन मुख्य आरोप नक्कीच लंगडे पडले असते. पण मूरच्या खुनाचा आरोप होता, त्यालाही फाशीच होती. तांबड्या समुद्रातला हल्ला आणि लक्षद्वीपचे अत्याचारही कुठल्या पासने धुतले गेले नसते. किड साधू नव्हता. पण त्याला हवा असलेला पुरावा बाजूला ठेवून त्याचा न्याय केला गेला, हेही तितकंच खरं.

२००७ मध्ये डोमिनिकन रिपब्लिकच्या कॅटलिना बेटाजवळ, किनाऱ्यापासून अगदी थोड्या अंतरावर, क्वेडा मर्चंटचे अवशेष सापडले. तोफा आणि नांगर समुद्राच्या तळाशी तसेच पडून होते.

पुरलेल्या खजिन्याच्या मागे लोक तीनशे वर्षं धावले आणि त्यांच्या हाती काही लागलं नाही. जे धूळ खात पडलेल्या दप्तरांकडे गेले, त्यांना मात्र सापडलं. एकाला दोन पास मिळाले. दुसऱ्याला डंडीतलं एक घर मिळालं, जिथे कर्ता पुरुष गेल्यावर मदतीच्या पैशांवर एक पोरगा वाढत होता.